ऋजुताच्या हातांवरचे चट्टे

आसावरी कर्णिक टेंभी नाक्यावर बसून कल्याणातला चोर शिंकेवरून ओळखते, असं लोक सांगतात. लोक तरी जरा कमीच सांगतात.

पाडव्याच्या आदल्या सकाळी डोंबिवलीच्या ढोलपथकाचा प्रमुख साकेत तिच्याकडे आला. सोबत ध्वज नाचवणारी ऋजुता आणि मान ताठ ठेवलेली रसिका.

"झोपताना बरी होते. उठले तर हे!" ऋजुताने हात पुढे केले. मनगटापासून कोपरापर्यंत, फक्त आतल्या बाजूला, लाल फोडांच्या रेघा.

"काल संध्याकाळी रसिकाने तेलाने हात चोळून दिले," साकेत म्हणाला. "तेलात खाजकुयली होती, मॅडम. ध्वज हिला हवा होता. आज हिला पथकातून काढतोय."

"हवाच होता!" रसिका उसळली. "मागून घेईन, असली चोरटी कामं नाही करणार. सगळीकडून चोळलेलं मी, पुढून-मागून. माझे हात बघा की!"

हात नितळ होते.

"हातमोजे घातले असतील," नॉर्मन म्हणाला. हा आसावरीचा माजिवड्याचा सहकारी. संशय घ्यायला कायम घाईत.

"चोळल्यावर खाजलं?" आसावरीने ऋजुताला विचारलं.

"छे! मस्त वाटलं. सराव पण केला."

"आणि परवा कुठे होतीस?"

"टिटवाळ्याला," साकेतच बोलला. "तोरणांसाठी आंब्याच्या डहाळ्या तोडल्या. हिने भारे कवेत धरून आणले. पण ते सोडा, गेल्या पाडव्यालाही हिनेच आणलेले. तेव्हा एक पुळी नाही."

"वा! सापडला गुन्हेगार."

"कोण?"

"ऋजुताचं शरीर. खाजकुयली लागताक्षणी नाचवते. ही तर सराव करत होती. तेल हाताला सगळीकडून लागलं, चट्टे फक्त आत, तेही रेघांचे. जिथे डहाळ्या टेकल्या तिथे. आंब्याचा चीक!"

"मग गेल्या वर्षी?" नॉर्मनने डोकं खाजवलं.

"तेव्हा तिच्या पांढऱ्या पेशींनी चीक पहिल्यांदा पाहिला आणि लक्षात ठेवला. यंदा ओळखला. पण त्यांची फौज जमून त्वचेपर्यंत यायला एक-दोन दिवस जातात, नॉर्मन. परवाचा चीक आज उठला, आणि यांनी कालच्या माणसाला धरलं. ऋजुता, तू आधी डॉक्टरकडे जा."

साकेत खाली बघत म्हणाला, "रसिका, चुकलो गं."

"ध्वज तू धर," ऋजुता म्हणाली. "पण माझ्यापेक्षा खाली आणलास ना, तर बघ!"

"तुझ्यापेक्षा खाली?" रसिका हसली. "अगं, उद्या शोभायात्रेत फडके रोडवर वर बघून बघून लोकांच्या माना दुखतील!"