पंखा बंद

"पंखा बंद!" ध्वनिमुद्रक ओरडला की सेटवरचे झाडून सगळे पंखे थांबत, वातानुकूलन थांबे आणि मगच कॅमेरा फिरे. सिनेमावाल्यांची ही जुनी रीत. संवादांत घरघर नको. कर्जतजवळच्या स्टुडिओत उभारलेल्या लाकडी अवकाशयानात पहिल्याच दिवशी घामाने निथळताना डॉ. मृदुला अंबर्डेकरांना या रीतीचं हसू आलं होतं. ते हसू त्यांना फार महागात पडलं.

मृदुलाबाई भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक. 'स्थिर' या चित्रपटाच्या त्या विज्ञान सल्लागार होत्या. कथा सरळ होती. निकामी झालेल्या यानात एक बाई एकटी अडकते, वीज संपत आलेली, मदत नऊ तासांवर. दिग्दर्शक कौस्तुभ राजाध्यक्ष याला सेटवरची ती शांतता इतकी आवडली की त्याने ती पटकथेतच घातली. नायिका वीज वाचवायला पंखा बंद करते, पट्ट्याने स्वतःला भिंतीशी बांधून घेते आणि डोळे मिटून निश्चल पडते. श्वास पुरवून वापरते आणि जगते.

मृदुलाबाईंनी त्याला बाजूला घेतलं.

"तुझी बाई अर्ध्या तासात गुदमरेल," त्या म्हणाल्या. "इथे आपला उच्छ्वास गरम असतो म्हणून वर चढतो, त्याच्या जागी ताजी हवा येते. तिथे वजनच नाही. मग वर कुठलं आणि खाली कुठलं? गरम हवा चढणार कुठे? पंखा बंद करून स्वस्थ पडलं की सोडलेला श्वास तोंडाभोवतीच साचतो. मी त्याला उच्छ्वासगोळा म्हणते. खोलीभर प्राणवायू असतो, पण नाकासमोर नसतो."

"मग तिने करायचं काय?"

"पंखा चालू ठेवायचा. तो नसेल तर हातपाय हलवत राहायचं. हवा ढवळली पाहिजे."

कौस्तुभ हसला. शेवटची पंधरा मिनिटं नायिका माश्या हाकलत बसली तर प्रेक्षक उठून जातील, असं त्याचं म्हणणं पडलं. मग तोडगाही त्यानेच काढला. अभिनेत्रीला त्या बंद सेटमध्ये चार तास निजवलं, पंखा बंद ठेवून. डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्त तपासलं. तिला काहीही झालं नव्हतं. होणार कसं? सेट कर्जतला होता, पृथ्वीवर, आणि हे मृदुलाबाईंपेक्षा चांगलं कोणाला ठाऊक असणार होतं!

तरी त्यांनी प्रमाणपत्रावर सही केली. 'प्रसंग प्रत्यक्ष चाचणीने पडताळलेला आहे.' तीस वर्षं त्यांनी रिकाम्या बाकांना भौतिकशास्त्र शिकवलं होतं, आणि आता पोस्टरवर नाव येणार होतं. हा सिनेमा आहे, पाठ्यपुस्तक नव्हे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. शहाण्या माणसाला स्वतःची समजूत घालायला कितीसा वेळ लागतो?

चित्रपट धो धो चालला. मृदुलाबाईंना शाली मिळाल्या, श्रीफळं मिळाली.

तीन वर्षांनी पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका कर्मशाळेवर भंगाराचा तुकडा आदळला आणि वीज गेली. तिथे जोडकाम करणारे तिघे होते. भानुदास पेडणेकर, इरफान मुल्ला आणि रघुवीर तांडेल. बावीस दिवसांच्या प्रशिक्षणावर वर पाठवलेली माणसं. दिवसा त्यांना व्याख्यानं ऐकवत आणि दर शनिवारी संध्याकाळी 'स्थिर' दाखवत. व्याख्यानं विरून गेली, सिनेमा मात्र पाठ झाला.

बॅटरीवर रेडिओ तरी चालला असता नाहीतर पंखा. त्यांनी पंखा बंद केला, स्वतःला भिंतीशी बांधून घेतलं आणि पडून राहिले. रघुवीरला ते जमेना. उरणच्या कोळीवाड्यातला पोर, उघड्या समुद्रावर वाढलेला. बांधलेपणाने त्याचा जीव घाबरा झाला. तो धडपडू लागला. चौकशी समितीपुढे रेडिओवरचं मुद्रण ऐकवलं, त्यात भानुदासचा आवाज स्पष्ट होता: "रघ्या, गप पड रे. तुझ्यापायी आमचाही श्वास संपेल." रघुवीरने पट्टा सोडला आणि दालनाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तो नऊ तास भिंती चाचपत, रडत, घिरट्या घालत राहिला. मदत पोहोचली तेव्हा दोघे मेलेले होते आणि तो जिवंत.

वर्तमानपत्रांनी त्याला 'मित्रांची हवा पिणारा' म्हटलं. कर्मशाळा चालवणाऱ्या कंपनीच्या वकिलांना तेच हवं होतं. चूक यंत्रणेची नाही, एका भेदरटाची आहे, हे सिद्ध करायला त्यांनी तज्ज्ञ म्हणून नेमकं मृदुलाबाईंना बोलावलं आणि त्यांचंच प्रमाणपत्र समितीपुढे ठेवलं.

बाईंनी कागद चाळले. दालनातला प्राणवायू नऊ तासांनंतरही जेमतेम अर्ध्या टक्क्याने उतरला होता. तिघांना आणखी तीन दिवस सहज पुरला असता. मग त्यांनी सगळं सांगितलं, कर्जतच्या सेटपासून.

अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी प्रमाणपत्र उचलून धरलं. "ही सही कोणाची?"

"माझी."

"मग तेव्हा खोटं लिहिलंत की आज खोटं बोलताय?"

"तेव्हा खोटं लिहिलं," मृदुलाबाई म्हणाल्या. "तांडेलने कोणाची हवा घेतली नाही. तो हलत होता म्हणून वाचला. ते दोघे शिस्तीने पडून राहिले म्हणून मेले."

रघुवीर निर्दोष ठरला. मृदुलाबाईंना हलकं वाटलं आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली. यापुढे खोट्या ओळीखाली सही करायची नाही, असं ठरवूनच त्या बाहेर व्हरांड्यात आल्या.

रघुवीर तिथे उभा होता. त्याने हात जोडले, पण त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचं नाव नव्हतं.

"मॅडम, मी हलत होतो म्हणून माझ्याजवळची हवा ढवळली. असंच ना?"

"हो."

"त्यांना त्रास नको म्हणून मी लांब गेलो. तिथंच, त्यांच्याजवळ धडपडत राहिलो असतो तर?"

उत्तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही आलं असतं. त्याचे हात त्या दोघांच्या तोंडासमोरून फिरले असते, तर त्यांचेही उच्छ्वासगोळे फुटले असते. त्यांनी रघुवीरला नऊ तास शिव्या घातल्या असत्या आणि तिघेही घरी आले असते. तो चांगुलपणाने बाजूला झाला होता, आणि तेवढंच नडलं होतं. मृदुलाबाईंना त्याच्याकडे बघवेना.

"काही फरक पडला नसता," त्या म्हणाल्या.

त्याने विचारलं, "नक्की?"

"नक्की."

"मग एवढं लिहून द्याल? तुमच्या सहीनं?" त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "भानूची आय हेच विचारते. माझ्या बोलण्यावर तिचा विश्वास नाय."

बाकावर कागद पसरून त्यांनी पेन काढलं. डोक्यावरच्या पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू लागला, तो हाताखाली धरवेना. त्यांनी दाराशी बसलेल्या शिपायाला पंखा बंद करायला सांगितलं. पाती थांबेपर्यंत त्या वाट पाहत राहिल्या, आणि मग ती ओळ लिहून त्यांनी खाली सही केली.