डावीकडची वाट

ही घटना खरी आहे.

हिच्यात पदरचं काहीही घातलेलं नाही. पदरचं घातल्यामुळेच तर हे सगळं घडलं.

ते पत्र काकांच्या टेबलाच्या खणात वर्षभर पडून होतं. उत्तर न देता. काका रोज त्या टेबलापाशी बसत, पण तो खण उघडत नसत. पेन्सिल हवी असली तर बायकोची मागून घेत.

काका म्हणजे छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेले एक अबोल गृहस्थ. दुसऱ्याच्या मजकुरातली वेलांटी चुकलेली राहिली, तरी त्यांना झोप लागत नसे. एकच नाद होता. सुट्टीच्या दिवशी सायकल काढायची, डांबरी रस्ता संपेल तिथे झाडाला साखळीने बांधायची आणि पुढे पायी एखादी खिंड ओलांडून यायचं. त्यातूनच त्यांनी खिंडी आणि पाऊलवाटांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. सायकलवाल्या पोरांच्या पाठीवरच्या पिशव्यांत ते दिसू लागलं. पोरं त्यांना 'वाटाडे काका' म्हणू लागली.

काका लाजायचे. पण आवडायचंही.

आणि मग ते पत्र आलं.

'माझा मुलगा तुमचं पुस्तक घेऊन मोठ्या खिंडीत गेला होता. तो दरीच्या तळाशी सापडला. सायकल वर झुडपात अडकली होती. तुम्ही लिहिलं आहे, की माथ्यावरच्या दगडांच्या राशीपासून डावीकडे उतरावं. ती वाट तुम्ही स्वतः चालून पाहिली होती का? एवढंच कळवावं. माझा तुमच्यावर राग नाही.'

राग नाही, हेच काकांना सोसलं नाही.

उत्तर एका शब्दाचं होतं.

नाही.

त्या दिवशी त्यांचा गुडघा दुखावला होता. दगडांच्या राशीपर्यंत पोचून ते मागे फिरले होते. पण प्रकरण अर्धवट सोडायला मन होईना. एका जुन्या नकाशात तिथून खाली एक तुटक रेघ दिसत होती. काका टेबलाशी बसून त्या रेघेवरून पेन्सिलीने गावापर्यंत उतरले. वाक्य चांगलं वाचलं जावं म्हणून आणखी एक भर घातली. 'वाटेत दोघांना बसता येईल असा सपाट दगड लागतो. तिथून अर्ध्या तासात गाव.'

तो दगड नकाशातही नव्हता.

हे त्यांनी फक्त धाकट्या भावाला सांगितलं. त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. तो टायरमधून ट्यूब ओढत होता. ऐकून त्याचे हात थांबले.

"दादा, एकदा जाऊन बघ. वाट असली तर तू सुटलास."

"आणि नसली तर?"

"तर तसं लिही त्या माणसाला. खणात पत्र ठेवून ते अंडी घालणार आहे का?"

"एकट्याला धीर होत नाही रे."

"मी येतो की. तू कुठे पडलास, तर वहिनी मला दारात उभं करणार नाही."

तर ते दोघं गेले. भर दुपार होती. आभाळ भरलेलं, पण पाऊस नव्हता. डांबर संपलं तिथे त्यांनी दोन्ही सायकली एकाच झाडाला बांधल्या. किल्ली भावाने खिशात टाकली.

चढावर भाऊ सारखा बोलत होता. "दादा, तुझ्या मागे चालायचं म्हणजे गोगलगाय घंटी वाजवून पुढे जाईल." निम्म्यावर एक झरा होता. तिथे त्याच्या पोटरीत गोळा आला. तो बूट काढून बसला.

"तू हो पुढे. मी आलोच."

काका एकटे वर गेले. मनात एकच मागणं होतं. वाट असू दे.

दगडांची रास आली.

आणि धुकं उतरलं...

आधी झाडं गेली. मग रास गेली. मग स्वतःचे बूटही अंधुक झाले. वारा थांबला. एक किडासुद्धा वाजत नव्हता.

काका डावीकडे वळले.

वाट होती!

चांगली रुळलेली. दोन्ही बाजूंचं गवत दबलेलं. मधोमध ओल्या मातीत सायकलच्या चाकाची एक रेघ.

काकांना हसू आलं. खरंच हसू आलं. त्या मुलाचा पाय घसरला असेल, त्याला कोण काय करणार, असं त्यांच्या मनात आलं. त्यांना किती हलकं वाटलं! त्या हलकं वाटण्याची लाज त्यांना आजही सगळ्यात जास्त वाटते.

ते भराभर उतरू लागले. जरा पुढे एक सपाट दगड लागला. दोघांना बसता येईल असा. काका त्यावर टेकले. गुडघा चोळला.

आणि हात थांबला.

हा दगड...

हा दगड त्यांनी टेबलाशी बसून बनवला होता.

ते उठायला गेले.

तेवढ्यात मागून आवाज आला...

टिक... टिक... टिक...

सायकल हाताने ढकलत नेताना मागचं चाक करतं, तो आवाज. संथ. दमलेला. वाटेने खाली येत होता. अगदी जवळ आला. दगडापाशी थांबला.

धुक्यात कोणीच नव्हतं.

मग कागद उलटल्याचा आवाज झाला. ओल्या कागदाचा.

"वाटाडे काका... तुम्हीच ना?"

आवाज तरुण होता. आदबीचा. दोन माणसं बसतील अशा दगडावर दुसऱ्या बाजूला कोणीतरी टेकलं. काकांच्या दंडाला गारवा लागला.

"तुमचा फोटो आहे ना मागच्या पानावर, म्हणून ओळखलं. काका, अर्धा तास झाला ना हो?"

काकांनी दगडाची कड धरली.

"तुम्ही लिहिलंय, अर्ध्या तासात गाव. मी चालतोच आहे. म्हटलं, मीच हळू चालत असेन..." तो जरासा हसला. "बाबा वाट बघत असतील. अजून किती आहे?"

एवढं एक वाक्य बोलायचं होतं. 'बाळ, ही वाट खोटी आहे, मागे फिर.' काकांच्या ओठांपर्यंत ते आलंही. पण समोरचा त्यांना ओळखत होता. त्यांचं पुस्तक त्याच्या हातात होतं. त्याचा त्यांच्यावर विश्वास होता.

आणि काकांच्या तोंडून गेलं,

"थोडंच राहिलंय."

"बरं," आवाज म्हणाला. त्याला किती बरं वाटलं ते ऐकू आलं. "थँक्यू हं, काका."

टिक... टिक... टिक...

आवाज खाली गेला. लांब गेला.

आणि एकदम तुटला.

किंकाळी नाही. पडल्याचा आवाज नाही. नुसता तुटला.

"दादा!" वरून भाऊ ओरडला. "दादा, हलू नकोस! आहेस तसा राहा!"

धुकं फाटलं. काकांनी खाली पाहिलं.

वाट नव्हती. दगड नव्हता. ते कड्याच्या काठावरच्या गवतावर बसले होते, पाय खाली सोडून. पायांखाली काही नव्हतं. खूप खाली झाडांचे शेंडे होते.

भावाने त्यांना कॉलर धरून मागे ओढलं. दोघंही गवतात पडले. भाऊ शिव्या घालत होता.

"वेड लागलंय का तुला? आणि ही सायकल कशाला आणलीस वर?"

"कुठली सायकल?"

"मग टिकटिक कसली होती? जन्म गेला माझा चाकं फिरवण्यात. मला कळत नाही?" मग त्याने खिशात हात घातला. किल्ली बाहेर काढून तिच्याकडे नुसता बघत राहिला.

खाली दोन्ही सायकली झाडाला तशाच बांधलेल्या होत्या. घरी येईपर्यंत भाऊ एक शब्द बोलला नाही. असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल.

दुसऱ्या दिवशी काकांनी प्रकाशकांकडे जाऊन पुस्तकाची विक्री थांबवली. मग खण उघडला आणि उत्तर लिहायला बसले. कितीतरी कागद फाडले. शेवटी एवढंच उरलं.

'आपल्या पत्राचं उत्तर द्यायला उशीर झाला. ती वाट मी चालून पाहिली नव्हती. ती तिथे नाही. दोष माझा आहे.'

भावाने ते वाचलं. धुक्यात काय झालं, ते काकांनी त्याला आदल्या रात्रीच सांगितलं होतं.

"बास. यापुढे एक अक्षर नको."

"आणि तो? त्याने मला विचारलं ते?"

"ते बापाला कळवणार तू? की तुमचा मुलगा अजून चालतोय म्हणून? अरे, त्या माणसाला जगू दे."

काकांना ते पटलं. लगेच पटलं. पाकीट बंद करून दुसऱ्या दिवशी ते टपालपेटीपाशी गेले.

सकाळची वेळ. दुकानांची शटरं वर जात होती. लोक कामाला निघाले होते. मागून कोणीतरी सायकल हातात धरून चाललं होतं. टिक टिक करत. काकांनी वळून पाहिलं नाही. हल्ली ते अशा वेळी वळून पाहत नाहीत.

पाकीट पेटीच्या तोंडाशी धरलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला इतकं लगेच का पटलं. खरं तेवढं लिहिलं होतं. पण जे सांगायला सगळ्यात जड होतं, तेच पुन्हा गाळलं होतं. वाक्य मात्र चांगलं वाचलं जात होतं.

त्यांनी पाकीट फोडलं. पेटीवरच कागद टेकवला. अक्षर वाईट आलं.

'तो मला खिंडीत भेटला. तुम्ही वाट बघत असाल म्हणाला. अजून किती राहिलंय, असं त्याने मला विचारलं. मी त्याला मागे फिर म्हणालो नाही. थोडंच राहिलंय, असं म्हणालो. तुम्ही मागे बोलावलंत तर तो ऐकेल का, मला माहीत नाही.'

शेजारच्या दुकानातून थोडा डिंक मागून त्यांनी पाकीट पुन्हा चिकटवलं.

आणि पेटीत सोडलं.