पत्रातली शेवटची ओळ

दुसरीच्या बाई दर शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर पालकांसाठी एका पानाचं पत्र तयार करत. आठवड्यात काय शिकवलं, कुणाचा दात पडला, कितीचा पाढा पाठ करायचा, सोमवारी कात्री आणायची की रंगपेटी, सगळं त्यात असे. मुलं सव्वीस, म्हणून प्रती सव्वीस. अकरा वर्षांत एकही शुक्रवार चुकला नव्हता. निम्मे पालक ते वाचतही नाहीत, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. पण आपलं काम आपण चोख करावं, हा त्यांचा खाक्या.

म्हणून एका सोमवारी सगळीच्या सगळी मुलं पाण्याच्या दोन-दोन बाटल्या घेऊन आली, तेव्हा बाई चक्रावल्या. मुलं म्हणाली, पत्रात होतं. एकीने दप्तरातून घडी काढून दाखवली. गृहपाठाच्या खाली, त्याच टायपात, एक ओळ होती: जास्तीचं पाणी द्यावं. ती बाईंनी लिहिली नव्हती.

दहाच्या सुमारास रस्त्यातली जलवाहिनी फुटली आणि शाळेचे नळ संध्याकाळपर्यंत कोरडे राहिले. तहानेने हैराण झाला नाही तो एकटा दुसरीचा वर्ग. मुख्याध्यापिकांनी बाईंचं कौतुक केलं. बाईंनी संगणकावर पत्र उघडून पाहिलं, तर ओळ नव्हती. आपणच लिहिली आणि पुसली असेल, कामाच्या रगाड्यात कुठे आठवतंय, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

तीन आठवड्यांनी वर्गातल्या चिमणीची आई फाटकाशी थांबलेली दिसली. सगळ्यांत लहानखुरी म्हणून त्या मुलीला सगळे चिमणीच म्हणत. आईने बाईंचे दोन्ही हात धरले. "तुम्ही लिहिलंत म्हणून तिला दाखवलं, बाई. अजून महिना गेला असता, तर कान हातचा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले."

चिमणीच्या घरी गेलेल्या पत्रात लिहिलं होतं: डावा कान तपासून घ्यावा, ती ओठ बघून उत्तरं देते.

बाईंनी चार-पाच मुलांची पत्रं मागवून पाहिली. ती ओळ आणखी कुणाच्याच पत्रात नव्हती. चिमणी आपल्या तोंडाकडे टक लावून बघत असते, हे त्यांच्या आता कुठे लक्षात आलं. ज्या कुणी ते पाहिलं, त्याने त्यांच्यापेक्षा नीट पाहिलं होतं. त्यांना भीती वाटायला हवी होती. वाटली ती ओशाळलेली कृतज्ञता.

पुढच्या शुक्रवारी मात्र बाई प्रिंटरपाशी ठाण मांडून बसल्या. शिपाईमामांनी विचारलं, मशीन पळून जाणार आहे का? बाई हसल्या नाहीत. सव्वीसही कागद त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचले. ओळ नव्हती. वर्गात येऊन स्वतःच्या हाताने वाटले.

पहिल्या बाकावरच्या मुलीने मोठ्याने वाचून दाखवलं, "बुधवारी वाचनाचा तास झाडाखाली. दप्तरंही बरोबर न्यावीत."

आता ते सव्वीसही कागदांवर होतं.

बुधवारी ऊन रणरणत होतं. मुख्याध्यापिकांच्या कपाळाला आठी पडली. तरी बाईंनी मुलांची रांग केली, दप्तरं पाठीवर अडकवायला लावली आणि सगळ्यांना मैदानातल्या झाडाखाली नेलं.

गोष्ट अर्ध्यावर आली होती.

मागे काहीतरी धप्पकन बसल्यासारखा आवाज झाला.

वर्गाच्या खिडक्यांतून पांढरी धूळ बाहेर येत होती. छताचा निम्मा भाग बाकांवर कोसळला होता.

बाईंनी मुलं मोजली. सव्वीस. पुन्हा मोजली. सव्वीस. मग त्या मातीतच बसल्या.

त्या संध्याकाळी पालकांनी बाईंना घरी जाऊ दिलं नाही. एक आजोबा तर हात जोडून उभे होते. हे उपकार आपले नाहीत, हे बाईंच्या ओठांपर्यंत आलं. पण मग कुणाचे, असं कुणी विचारेल म्हणून त्या पुढच्या पालकांकडे वळल्या.

ज्याचं श्रेय त्याला द्यावं, म्हणून त्या शुक्रवारच्या पत्रात शेवटी त्यांनी स्वतःच लिहिलं: शेवटच्या ओळी लिहिणाऱ्यांचे मनापासून आभार. वर्ग आता सभागृहात भरणार होता, त्याला पालकांची संमती हवी होती. म्हणून पत्राखाली कापून परत पाठवायची पट्टी छापली. मुलाचं नाव, पालकांची सही, काही सांगायचं असल्यास.

सोमवारी पट्ट्या सत्तावीस आल्या.

सत्ताविसाव्या पट्टीवर मुलाच्या नावाच्या जागी बाईंचं माहेरचं पूर्ण नाव होतं, त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर होतं तसं. सही वाचता येत नव्हती. खाली जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं:

"आभार कसले? मुलगी मन लावून काम करते, समाधान आहे. या शुक्रवारी तिला एकटीला सोडू नये. न्यायला आम्ही येऊ."

बाईंनी ते दोनदा वाचलं. शाळा सुटताना फाटकाबाहेरच्या गर्दीत आपलं माणूस दिसावं, तसं त्यांना अगदी आतून ऊबदार वाटलं.

न्यायला येण्यासारखं आता आपलं कुणीच उरलेलं नाही, हे त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.