डावीकडे झुकलेली मान

शहापूरच्या बाजारात भाविका कंटोळी निवडत होती, तेव्हा समोरच्या पायऱ्यांवर उभा असलेला एक तरुण तिच्याकडे बघत होता. सरळ नाही... मान डाव्या खांद्याकडे झुकवून, अगदी रोखून. तिला राग आला.

मग तो पायऱ्या उतरू लागला. पाय पुढे टाकला, मागे घेतला. शेवटी उजवा डोळा हाताने झाकून सावकाश खाली आला. भाविकाचा राग तिथेच विरला. ती डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीचं काम करायची. तिने जवळ जाऊन विचारलं, खाली बघितलं की दोन-दोन दिसतं का?

"तुमाला कसं कळलं?" तो चकित झाला.

त्याचं नाव धनेश. गाव मुरबाडकडचं, सिद्धगडाच्या पायथ्याशी. लोकांना गडावर नेणं-आणणं हे त्याचं काम. आषाढात मोटारसायकल घसरून डोक्याला मार लागला. जखम भरली, पण खाली पाहिलं की एकावर एक दोन दगड, दोन वाटा. गड चढता यायचा, उतरता येईना. गावात कुणी म्हणालं, पोरगा दिवसाच पितो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला तपासलं. डोक्याच्या मारामुळे डोळ्याची नस दुखावली आहे, ती सहसा काही महिन्यांत सुधारते, नाहीच सुधारली तर ऑपरेशन करू, असं म्हणाल्या. बाकीचं भाविकाने समजावलं. डोळा हलवणारे सहा स्नायू असतात. त्यातला एक नाकाच्या बाजूला वर असलेल्या इवल्याशा कप्पीवरून वळतो, विहिरीवरचा दोर वळतो तसा, आणि डोळा खाली नेतो. धनेशच्या उजव्या डोळ्याचा तोच स्नायू दुबळा झाला होता. मान डावीकडे झुकवली की त्याच्यावरचा भार कमी होतो आणि दोनाचं एक दिसतं.

"म्हणून बाजारात मान वाकवली," धनेश म्हणाला. "तुमी दोन दिसत होता... मला एकच बघायची होती."

भाविकाने घाईने पुढच्या पेशंटला हाक मारली.

तो तपासणीला येत राहिला. कधी काकड्या आणायचा, कधी वालाच्या शेंगा. ती गडाबद्दल विचारायची — वर पाणी कुठे मिळतं, धुकं कधी उतरतं. तो "मॅडम, मॅडम" करत डोळ्याबद्दल विचारायचा. घरी आरशासमोर ती स्वतःचीच बुबुळं खाली-वर करून बघायची आणि एकटीच हसायची. मग वाटायचं, हा बरा झाला की यायचा नाही. आणि बरा नाही झाला तर... ऑपरेशनच्या विचाराने तिची झोप उडायची.

थंडीत तो आला, तेव्हाही मान झुकलेलीच होती. भाविका हिरमुसली. मग तिने पुन्हा नीट पाहिलं. मान उजवीकडे झुकली होती.

तिने पेन्सिल त्याच्या डोळ्यांसमोर धरून हळूहळू नाकाखाली नेली. दोन्ही डोळे सोबतच खाली गेले.

"किती दिसतात?"

"दोन, मॅडम."

"एकावर एक, की शेजारी-शेजारी?"

तो अडखळला. "शेजारी..."

तिने पेन्सिल खाली ठेवली. "मान चुकीच्या बाजूला वाकवलीत, धनेश."

त्याचे कान लाल झाले. दिवाळीपासून सगळं एकच दिसतंय, त्याने कबूल केलं. दोनदा लोकांना गडावरून सुखरूप उतरवूनही आणलं होतं.

"मग सांगितलं का नाही? तुमचं ऑपरेशन होणार म्हणून मी किती घाबरले होते..."

"माझ्यासाठी?"

तिने ठेवलेली पेन्सिल उगाचच पुन्हा उचलली.

"बरा झालो म्हटलं असतं, तर तुमी पुढची तारीख दिली नसती," तो हळूच म्हणाला. "मला तुमी आवडता. खोटं बोललो ते चुकलंच माझं."

भाविकाने त्याचा केसपेपर पुढे ओढला. मग म्हणाली, "पुढची तारीख रविवारची."

"रविवारी दवाखाना बंद असतो ना?"

"दवाखाना असतो. गड तर बंद नसतो ना?"

रविवारी ती सकाळच्या एसटीने मुरबाडला उतरली. तो स्टँडवर आधीच येऊन उभा होता. तिला पाहताच घाईने पुढे आला, आणि "मॅडम" म्हणायचं साफ विसरला.