गल्ल्यामागचं कोमट पाणी

"माझ्या आजोबांनी कधी मालात स्पिरिटचा थेंब घातला नाही, ताई. आणि मी सरकारी कागदावर खोटारडा ठरलोय."

महेबूबभाई अत्तारवाले खाली बघूनच बोलत होते. जुन्या नाशकातलं त्यांचं दुकान नुकतंच उघडलं होतं. जानेवारीचा गारठा असा, की बोटं वळत नव्हती.

दीपमाला केंगे यांनी एकवीस वर्षं कस्टममध्ये माल तपासला होता. आता व्यापाऱ्यांच्या अशा गाठी त्या खाजगीत सोडवत. सोबत धाकटा दीर ज्ञानेश. बँकेतून निवृत्त, मनानं भला, पण निकाल द्यायची भारी घाई.

"मस्कतला चाललेला माल गुलाबाचं शुद्ध तेल म्हणून नोंदवला," महेबूबभाई म्हणाले. "गेल्या सोमवारी कस्टमच्या साहेबांनी नमुना नेला. त्यात स्पिरिट निघालं."

"म्हणजे कायद्यानं ते तेल राहिलं नाही, परफ्यूम झालं," दीपमाला म्हणाल्या. "माल वेगळ्या वर्गात गेला आणि नोंदवणारा खोटा पडला."

"उद्या दुपारी सुनावणी आहे. तीन पिढ्यांचं नाव जाईल."

त्यांनी गल्ल्यामागून एक कुपी काढली, फडक्यानं पुसली नि पुढे केली. "त्याच खेपेतलं तेल आहे. वास तरी घ्या."

कुपी आधी ज्ञानेशच्या हातात आली. चांगली उबदार लागली. आत पिवळसर तेल हलत होतं. गल्ल्यामागे पितळी पातेल्यातून वाफ निघत होती.

"हे पाणी कशाला?" दीपमालांनी विचारलं.

"चहाला." महेबूबभाईंनी घाईनं पातेल्यावर फडकं टाकलं. पण पाण्यात तरंगणारं कुपीचं सुटलेलं लेबल ज्ञानेशला दिसलं होतंच. असला चहा नको रे बाबा, तो मनात म्हणाला.

माडीवर पुतण्या नौशाद बॉडी स्प्रे बनवायचा. तो खाली आला, पण काकांकडे बघेना.

"स्पिरिट माझ्याकडेच आहे, मॅडम. एक बाटली अर्धी झालीय. कुणी घेतली, ठाऊक नाही. अहवाल आल्यापासून चाचांनी मला जेवायला दस्तरखानावर बोलावलं नाही."

"मग झालं की! चोर घरातच," ज्ञानेश मोठ्यानं बोलून गेला.

दारातलं गिऱ्हाईक थबकलं. नौशादचे कान लाल झाले. "मी स्पिरिट घालतो ते डब्यावर लिहून विकतो, काका," एवढंच म्हणून तो जिना चढून गेला.

राहिला पुंजाराम, दुकानातला तीस वर्षांपासूनचा जुना माणूस.

"मालक सटाण्याला मयतीला गेल्ते. साहेबासंग म्याच व्हतो. सकाळचे सात वाजले आस्तील. लय गारठा. साहेब दारात चा पीत व्हते."

"डबा कुणी उघडला?"

"म्याच. काचेच्या भांड्यात तेल वतलं, त्यातून बाटल्या भरल्या. साहेबानं सील ठोकलं. डब्यालाबी ठोकलं."

"धार नीट पडली?"

"तर! पान्यावानी." तो हात धोतराला पुसत राहिला.

दीपमालांनी कुपी मागून घेतली. घरी जाऊन त्यांनी ती रात्रभर खिडकीच्या चौकटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच त्यांनी ती गल्ल्यावर मांडली. आतलं तेल पांढुरकं होऊन थिजलं होतं. कुपी उलटी केली तरी हललं नाही.

"अरेरे, वहिनी, नासलं हो हे!" ज्ञानेश म्हणाला.

"भावजी, पुंजारामांनाही नेमकं हेच वाटलं."

पुंजारामनं मान खाली घातली.

"शुद्ध गुलाबतेल थंडीत थिजतं. तोच त्याचा खरेपणा. त्या सोमवारी सकाळी सातला धार पडणं शक्यच नव्हतं. पण पुंजाराम म्हणाले, पाण्यासारखी पडली. म्हणजे भांड्यात काहीतरी घातलं गेलं, साहेबांची पाठ वळलेली असताना. नौशादला काकांच्या मालाचा नमुना बिघडवायचा असता, तर त्यानं स्वतःच कमी झालेली बाटली सांगितली नसती."

"म्या वतलं," पुंजाराम पुटपुटला. "चमच्यानं काढावं लागलं. वाटलं, तेल खराब झालं, मालकाची अब्रू जाती. माडीवरनं स्पिरिट आनून घुसळलं. मंग पोराचं नाव निघालं, आन् माझी जीभच उचलंना."

"तीस वर्षं इथे राबून तुला तेल थिजतं हे ठाऊक नाही?" ज्ञानेश म्हणाला.

"कसं ठाऊक असेल?" दीपमालांनी पातेल्यावरचं फडकं उचललं. "कालची कुपी उबदार होती. पाण्यात लेबल होतं. थंडीत दुकान उघडायच्या आधी मालक एकटेच रोज कुप्या शेकतात. थिजलेलं तेल इथे कुणी कधी पाहिलंच नाही. खरं ना, महेबूबभाई?"

महेबूबभाईंनी गल्ल्यावरची कुपी जवळ ओढली.

"गिऱ्हाईक म्हणायचं, मेण घातलंय," ते म्हणाले. "अब्बा शेकायचे, म्हणून मीही. खऱ्या मालाची मलाच लाज वाटली, ताई."

"डबा सीलबंद आहे. दुपारी त्यातून नवा नमुना मागू. पुंजाराम, तुम्ही हेच साहेबांपुढे सांगायचं."

"सांगतो, बाई. आता तरी सांगतो."

महेबूबभाईंनी पातेलं उचललं, पाणी मोरीत ओतलं. थिजलेली कुपी काचेच्या कपाटात सगळ्यांत पुढे ठेवली. मग ते जिना चढू लागले, एकेक पायरी थांबून. ज्ञानेशही मागोमाग निघाला. कालचा शब्द त्यालाही परत घ्यायचा होता.

दारापाशी महेबूबभाई उभेच राहिले. आत बाटल्यांचा आवाज थांबला.

"नौशाद," ते बाहेरूनच म्हणाले. "आज... जेवायला खाली ये, बेटा."

त्यांच्या मागच्या पायरीवर ज्ञानेश चप्पल हातात घेऊन आपल्या पाळीची वाट बघत उभा होता.