एका दिव्याचा भार

१९३६ सालच्या आश्विनात मुंबईच्या एका शेटजींनी मला चौलला धाडलं. खाडीच्या मुखाशी कोळ्यांची वस्ती आहे. तिथल्या धक्क्याजवळ शेटजींनी हौसेने तेलाचं इंजिन आणि डायनामो बसवला होता. त्यावर दिवा एकच, समोरच्या खडकावर, खांबाच्या टोकाला. आदल्या वर्षीच्या वादळात तो खांब समुद्रात गेला, आणि विझलेला दिवा लावायला खडकावर गेलेला वायरमन हिरामणही गेला. तरीही वस्तीतले लोक रोज इंजिन चालवतात, फुकट तेल जाळतात, अशी शेटजींची तक्रार. इंजिन सोडवून मुंबईच्या बोटीवर चढवायचं, एवढंच माझं काम होतं.

मी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. नारळीच्या वाडीत इंजिनाची पत्र्याची खोली, तिच्यात राही उभी. राही हिरामणची बायको. तिने पदर खोचला, एका दमात हँडल फिरवून इंजिन सुरू केलं आणि आवाजावर कान ठेवून तेल बेताचं केलं. मला त्या बाईचं मनापासून कौतुक वाटलं. मग रागही आला.

"अहो बाई, दिवाच नाही तर हा खटाटोप कशाला?"

"शेवटची होडी वर वढेस्तवर बंद करायचं न्हाय, असं त्यांनी सांगून ठेवलंय," ती म्हणाली. "आनि दिवा हाय की."

अशा बोलण्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. मी माझी पेटी उघडली, व्होल्टमीटर आणि प्रवाह मोजणारा अँमीटर जोडले. व्होल्ट एकशेदहा. दिवा नाही म्हणजे अँमीटरचा काटा शून्यावर हवा होता, तो अर्ध्या अँपिअरवर उभा होता. भागाकार केला तर रोध दोनशेवीस ओहम. गुणाकार केला तर शक्ती पंचावन्न वॅट. लांब तारेच्या टोकाला साठ वॅटचा एक दिवा लावला, तर हेच आकडे यावेत.

मी हसलो. तुटलेली टोकं पाण्यात लोंबत असणार, खाऱ्या पाण्यातून वीज गळत असणार.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला धक्क्यावर जाऊन टोकं वर ओढली, पुसली, वेगवेगळी रबरी पट्टीत गुंडाळून कोरड्या दगडांवर बांधून ठेवली. वाटेत तारेचे जोड दिसले आणि मी हातातलं काम विसरलो. हिरामण डावखुरा असावा, कारण प्रत्येक पीळ डावीकडून घातलेला होता. तांब्याचे वेढे एकाला एक चिकटून, वर वितळवून घातलेलं कथील लोण्यासारखं गुळगुळीत. असं काम मी मुंबईतही क्वचित पाहिलं होतं. या माणसाला भेटता आलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

संध्याकाळी इंजिन सुरू झालं. मी खटका दाबला. काटा एकदम उसळला, आणि लगेच मागे येऊन अर्ध्यावर बसला.

गळती अशी वागत नाही. दिव्यातली तार थंड असते तेव्हा तिचा रोध कमी असतो. ती तापून उजळली की रोध वाढतो, म्हणून काटा आधी उसळतो आणि मग स्थिरावतो. त्या तारेच्या टोकाला काहीतरी तापत होतं, उजळत होतं. खिडकीतून खडक दिसत होता. त्यावर काळोखाशिवाय काही नव्हतं.

होड्या आल्या. पहिल्या होडीचा म्होरक्या, बाळाजी तांडेल, सर्वांत पुढे होता. मी त्याला विचारलं, "खडक चुकवून कसे येता?"

"दिव्यावर," तो म्हणाला. माझ्याकडे जरा नवलाने बघत राहिला. "बाहेरून दिसतो, सायेब. जमिनीवरून न्हाय दिसत."

रात्रभर मी तेच आकडे पुन्हा पुन्हा मांडले. उत्तर बदललं नाही. तेव्हा मी हट्टाला पेटलो. तिसऱ्या दिवशी दुपारी धक्क्याच्या अलीकडच्या टोकाला दोन तारांपैकी एक तोडली आणि वीतभर तुकडा काढून खिशात घातला. आता आकड्यांना तोंड उघडायला जागाच नव्हती.

संध्याकाळी समुद्रावर ढग उतरले. राहीने नेहमीसारखं इंजिन सुरू केलं. काटा शून्यावर.

तिने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाळाजीची होडी बाहेर हाय," ती म्हणाली. "खडक त्याला कसा दिसंल?"

मी तार तोडल्याचं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त तेलाचा डबा जवळ ओढला आणि खाली बसली.

"जरा थांबा. जोड घालाया त्यांना वेळ लागतो. पन कच्चा सोडीत न्हाईत."

बाहेर लाटांचा आवाज वाढला. खडकाच्या बाजूने कुणीतरी हाक घातली, ती अर्धवट तुटली.

काटा शून्यावर.

मला वाटलं, ती माणसं माझ्या हट्टापायी जाणार. मी खिशातला तुकडा घेऊन उठलो.

काटा उसळला.

मागे आला. अर्ध्यावर बसला.

थोड्या वेळाने बाळाजीची होडी वाळूला लागली. माणसं तिला वर ओढताना एका सुरात ओरडली, तेव्हा राहीने इंजिन बंद केलं.

"शेटला काय सांगनार?" तिने विचारलं.

"खरं तेच. इंजिनावर एका दिव्याचा भार आहे, ते हलवता येणार नाही."

कंदील घेऊन आम्ही धक्क्यावर गेलो. तोडलेला तुकडा माझ्याजवळच होता, तरी जिथे मी तार तोडली होती, तिथे आता वीतभर तार होती आणि तिच्या दोन्ही टोकांना जोड होते. पीळ डावीकडून घातलेले. मी एका जोडाला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. कथील इतक्या वेळात थंड व्हायला हवं होतं.

राहीने कंदील खाली ठेवला आणि तो जोड मुठीत धरला. तो निवेपर्यंत तिने हात काढला नाही.