आंब्यावर टाकलेली गुळवेल

माजिवड्याच्या नर्सरीत मी बोगनवेलीची कुंडी उचलली, तोच मागून आवाज आला, "पाखरांसाठी हवी असेल, तर ती ठेवा खाली."

मी वळले. चिखलाने माखलेले बूट, हातात अडुळशाची रोपं... आणि चेहऱ्यावर नको तितका आगाऊपणा.

"पाखरांसाठी? तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. मघाशी मालकांना विचारत होतात – जवळजवळ ओरडूनच."

मला हसू आलं. कित्येक महिन्यांनी! आमचं आंबिवलीचं शेत विकलं गेलं, तिथे टॉवर आले, आणि तेव्हापासून बाबा ओटीवर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. पाखरं परत आली, तर बाबा उठतील, अशी माझी वेडी आशा. हे सगळं मी त्या परक्या माणसाला का सांगितलं, देव जाणे.

प्रफुल्लने – हे त्याचं नाव – थट्टा थांबवली आणि रोपं निवडायला लागला. "करवंद घ्या, काट्यांत घरटं सुरक्षित. अडुळशाच्या मधाला इवला शिंजीर पक्षी येईल. आणि गुळवेल... लाल फळं धरली की बुलबुल हटत नाहीत. फवारणी मात्र नको. अळ्यांना पानं खाऊ द्या, पाखरं पिल्लांना त्याच भरवतात."

"तुम्ही कुठे लावणार ही?"

"आंबिवलीलाच. टॉवरच्या बागेचं काम माझ्याकडे आहे."

"ते आमचं शेत होतं," मी म्हणाले. त्याने आपल्या रोपांत आणखी एक गुळवेल ठेवली.

शेताला लागूनच आमचं घर; मग तो कुंपणाच्या भिंतीच्या पलीकडे, मी अलीकडे.

"दर्शना, चहा?"

"भिंतीवरून?"

"हात लांब आहेत माझे..."

कपासोबत बोटं थोडी जास्तच वेळ रेंगाळायची. थंडी सरता सरता त्याने भिंतीवर चढवलेल्या गुळवेलीला फळं धरली, बुलबुल आले आणि बाबा उठून बसले. मी प्रेमात पडले होते, अगदी पुरती.

उन्हाळ्यात टॉवरवाल्यांनी तक्रार केली – वेलीवरून साप येतील. मी ऑफिसातून आले, तर प्रफुल्लच्याच हातात कोयता! वेल बुंध्याशी कापलेली. तिचं भेंडोळं त्याने आमच्या अंगणातल्या आंब्यावर भिरकावलं. कचरासुद्धा आमच्याच दारात?

"तू?"

"ऑर्डर आहे गं. दुसऱ्या कोणी तोडली असती तर–"

"तोंड दाखवू नकोस परत."

त्याने आंब्याकडे एकदा पाहिलं आणि कोयता घेऊन निघून गेला. बाबा पुन्हा ओटीच्या भिंतीकडे तोंड करून पडले. पुढे कळलं, तो नाशिकला गेला. घर कसं सुतकात असल्यासारखं झालं.

पावसाळ्यात एका कोंदट सकाळी बाबांची हाक आली, "दर्शू, बघ गो... वेल जित्ती हाय!"

आंब्यावरून एक बारीक मूळ दोऱ्यासारखं लोंबत आमच्या मातीपर्यंत आलं होतं. वर कोवळी पानं. मी प्रफुल्लला फोन लावला.

"वेल जगावी म्हणून टाकलीस ना आंब्यावर? सांगितलं का नाहीस?"

"जगेल की नाही, माहीत नव्हतं. खोटी आशा दाखवून बाबांचं मन पुन्हा मोडलं असतं, तर?"

"आणि माझं?" मी आंब्याखाली गेले. "प्रफुल्ल, मला तू हवा आहेस."

पलीकडून हलकेच उत्तर आलं, "रविवारी येतो."

बाबांनी ओटीवरची दुसरी खुर्ची पुसली आणि आंब्याकडे तोंड करून ठेवली.